जिंकलेल्यांच्या बाजूला

वेर्लिन कोयमानं सकाळी पावणेसातलाच टाय बांधला, तेव्हा आर्डिथ समजून चुकली की आज हा माणूस कुणाचं ऐकणार नाही. टाय तो दोनच प्रसंगी बांधायचा, चर्चला जाताना आणि कुणाला तरी हरवायला जाताना. आज शनिवार होता.

"क्रीम घालू नकोस," कपाकडे न बघताच तो म्हणाला.

चौपन्न वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या कॉफीत कधी क्रीम घातलं नव्हतं. तिनं कप तसाच पुढे सरकवला. खरं भांडण दुसरंच असलं की माणूस क्रीमवरून सुरुवात करतो, हे तिला नवीन नव्हतं.

"उद्यासाठी केवढं मटण काढू फ्रीजरमधून?" तिनं विचारलं.

"दोघांना पुरेल एवढं."

"केलिन सोमवारी निघतेय, वेर्लिन."

"ठाऊक आहे मला."

"ती काय म्हणालीय तेही ठाऊक आहे ना? पाके, म्हणजे तू, आणि डॅड एका टेबलावर बसणार असतील तरच येईन. नाहीतर मैत्रिणींबरोबर पिझ्झा खाऊन तिथूनच परस्पर जाईन म्हणालीय."

"पोरगी हट्टी आहे."

"कुणावर गेलीय कोण जाणे."

वेर्लिननं हॅट उचलली आणि तो गाडी गरम करायला बाहेर गेला. मार्च संपत आला होता, तरी कोठाराच्या सावलीत अजून बर्फ होता आणि वारा तर कातडी सोलून काढत होता. आर्डिथनं फ्रीजर उघडला आणि आतला सगळ्यात मोठा तुकडा काढून सिंकमध्ये ठेवला. आठ माणसांना पुरून उरेल एवढा.

सात आठवडे झाले होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चर्चनंतरच्या जेवणाला, त्यांच्या मुलानं, कर्टनं, खिशातून एक कागद काढून बापाच्या ताटाशेजारी ठेवला होता. पक्षाच्या काउंटी अधिवेशनात मांडायचा ठराव होता तो: 'परक्यांच्या युद्धात अमेरिकेचा एक सैनिक, एक तोफ, एक डॉलर जाणार नाही.' वेर्लिननं चष्मा लावून तो दोनदा वाचला. सव्वीस वर्षं तो काउंटीच्या जाहीरनामा समितीचा अध्यक्ष होता. त्यानं कागदाची घडी घातली, परत केला आणि म्हणाला, "असला कागद आणणाऱ्यानं माझ्या टेबलावर जेवू नये."

दुसऱ्या घरात हे वाक्य कॉफीबरोबर विरघळून गेलं असतं. पण कोयमांच्या घरात बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कर्टनं तोंड पुसलं, नॅपकिनची घडी घातली आणि बायको-पोरीला घेऊन तो निघून गेला. तेव्हापासून चर्चमध्येसुद्धा तो डावीकडच्या बाकावर बसायचा, बाप उजवीकडे, आणि मधल्या वाटेनं सगळी मंडळी कोयमांच्या घरातला तमाशा बघायची.

गंमत अशी की बाकी सगळ्या बाबतीत बापलेकाचं एकमत. गर्भपात, बंदुका, कर, दक्षिणेची सीमा, शाळेत पोरांना काय शिकवायचं, वॉशिंग्टनमधल्या बाबू लोकांनी आपल्या शेतातल्या नाल्यात नाक खुपसायचं की नाही; दोघांची उत्तरं एका साच्यातून काढलेली. दोघं एकाच पक्षाचे, एकाच चर्चचे, आणि एकाच माणसाला मत देऊन आलेले. भांडण एवढंच, की कुंपणापलीकडच्या जगाचं अमेरिकेनं काय करायचं. आर्डिथला दोघांचंही पटायचं, आणि हीच तिची पंचाईत होती.

*

हायस्कूलच्या जिममध्ये एकशे त्रेचाळीस प्रतिनिधी जमले होते. बास्केटबॉलच्या मैदानावर घडीच्या खुर्च्या, भिंतीशी लाकडी पायऱ्यांवर बघे. त्यात सर्वांत वरच्या पायरीवर कर्टची केलिन बसली होती, तेवीस वर्षांची, नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, हेलिकॉप्टरची मेकॅनिक. सोमवारी तिची तुकडी आखाताकडे निघणार होती. बेप्पेला, म्हणजे आजीला, बघून तिनं हात हलवला, पाकेला, म्हणजे आजोबांना, बघून हनुवटी.

आर्डिथ चिटणीसाच्या टेबलाशी बसली. सदतीस वर्षं ती या अधिवेशनाचं इतिवृत्त लिहीत होती. अध्यक्ष बदलले, राष्ट्राध्यक्ष बदलले, पण तिची वही तशीच. सभेच्या नियमांचं पुस्तक तिला आणि वेर्लिनला पाठ होतं. लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले होते, या दोघांना पोरं होतील तीसुद्धा सूचक-अनुमोदकासकट.

व्यासपीठावर ड्वाइट रेन्सिंक होता. एरवी तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, त्यामुळे पहिले अकरा ठराव त्यानं वासरं विकावीत तसे वीस मिनिटांत विकून टाकले. बारावा आला आणि जिममध्ये खुर्च्या करकरल्या.

"समितीनं हा ठराव नामंजूर करावा अशी शिफारस केलीय," ड्वाइट म्हणाला. "ठराव कर्ट कोयमा यांचा. समितीचे अध्यक्ष वेर्लिन कोयमा. प्रत्येकी तीन मिनिटं. आणि बोलताना तोंड माझ्याकडे हवं, एकमेकांकडे नाही."

"एकमेकांकडे बघायचं त्यांनी केव्हाच सोडलंय," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. आर्डिथ हसली नाही.

वेर्लिन माइकपाशी आला. कागद नव्हता हातात.

"एकोणसत्तर साली मी पश्चिम जर्मनीत रडारच्या ठाण्यावर होतो. समोर कुंपण. पलीकडे एक शेतकरी बीट लावायचा. रोज सकाळी तो टोपी उचलायचा, मी हात उचलायचो. वीस महिन्यांत एक शब्द बोललो नाही आम्ही, बोलायची सोयच नव्हती. पण आपण तिथे उभे राहिलो म्हणून ते कुंपण एक फूटसुद्धा पुढे सरकलं नाही. आणि वीस वर्षांनी ते पडलं, एक गोळी न झाडता." तो थांबला. "दारात धट्टाकट्टा माणूस उभा असला की चोर घरात शिरत नाही. आज युक्रेनच्या घरात चोर शिरलाय. ते लोक आपली पोरं मागत नाहीत, लाठी मागतायत. लाठी नाकारायची आणि स्वतःला पुराणमतवादी म्हणवून घ्यायचं, हे मला जमणार नाही. जे जपण्यासारखं आहे ते जपायचं, हाच आपला धर्म ना?"

टाळ्या पडल्या. बहुतेक पांढऱ्या केसांच्या माणसांच्या. पुढच्या रांगेत लोर्ना, धाकटी मुलगी, डोळे पुसत होती. तिच्या चर्चनं खारकीवहून आलेल्या एका कुटुंबाला घर दिलं होतं, त्यामुळे तिला हा प्रश्न नकाशावरचा राहिलाच नव्हता.

मग कर्ट आला. बापाची उंची, बापाचे खांदे. डावा कान पुढे करून उभं राहायची सवय मात्र त्याची स्वतःची. उजवा कान इराकात गेला होता.

"डॅड... म्हणजे समितीचे अध्यक्ष, खरं बोलले," तो म्हणाला. "त्यांना कुंपण दिसत होतं. आम्हाला कुणी कुंपण दाखवलंच नाही. दोन हजार पाच साली मी ट्रक चालवत होतो. कुणाच्या दारात उभा होतो आणि चोर कोण, मला अजून सांगता यायचं नाही. निघालो तेव्हा याच जिममध्ये बँड वाजला होता. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सहा आठवड्यांनी लेनी व्हॅन एंगेन माझ्या पुढच्या ट्रकमध्ये होता."

लेनीची आई तिसऱ्या रांगेत होती.

"आता वॉशिंग्टनमध्ये असा एक माणूस सापडत नाही, जो म्हणेल की मी पाठवलं. जो तो म्हणतो, आम्ही फक्त परवानगी दिली होती. प्रत्येक वेळी लाठीच देतो म्हणतात. लाठीमागून लाठी धरायला शिकवणारा जातो, त्याच्यामागून त्याची राखण करणारा. आपले कारखाने बंद पडले, पोरं नशेच्या गोळ्या खाऊन मरतायत, सीमा इतकी वर्षं वाऱ्यावर होती. आधी आपलं घर. याला तुम्ही घाबरटपणा म्हणा. मी याला संसार म्हणतो."

या टाळ्या जास्त जोरात होत्या, आणि तरुण.

या काउंटीत आवाजी मतदानावर कुणाचा विश्वास नाही. ठरावाच्या बाजूचे यजमान संघाच्या बास्केटखाली जाऊन उभे राहतात, विरोधातले पाहुण्या संघाच्या. शेजारी शेजाऱ्याला बघतो, नवरा बायकोला. ड्वाइटनं हातोडा आपटला आणि माणसं उठली.

आर्डिथ टेबलाशी बसून मोजत होती. अर्धी माणसं सरकायच्या आधीच तिला निकाल कळला. वेर्लिन हरणार होता. थोड्याथोडक्यानं नाही, चांगलाच. तो पाहुण्यांच्या बास्केटखाली सरळ उभा होता, शेजारी लोर्ना, भोवती सगळे म्हातारे. समोर गर्दीत कर्ट, आणि त्याचा चेहरा जिंकणाऱ्याचा नव्हताच. कर्टची बायको जोलीन कुठल्याच बाजूला गेली नव्हती. ती खुर्चीवरच बसून होती, हाताची घडी घालून.

हरलेला वेर्लिन घरी जाऊन काय करेल, हे आर्डिथला लख्ख दिसत होतं. तो काहीच करणार नाही. काही न करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि केलिन पिझ्झा खाऊन विमानात बसेल. तिकडे काही झालं तर या घराचा शेवटचा घास तिच्याबरोबर कुणीच खाल्लेला नसेल.

"चिटणीसबाई, तुमचं मत?" ड्वाइटनं विचारलं.

पुस्तकात एक नियम आहे. निकाल लागलेला विषय त्याच दिवशी पुन्हा उघडता येतो. पण तशी सूचना फक्त जिंकलेल्या बाजूनं मत दिलेला माणूसच मांडू शकतो. हरलेल्यानं कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. विषय उघडून पुढे काय करायचं, ते तिला अजून सुचलं नव्हतं. पण दार एकदा बंद झालं की या दोन हट्टी माणसांपैकी कुणीच ते उघडणार नाही, हे नक्की होतं.

आर्डिथनं पेन ठेवलं, उठली आणि मधली रेघ ओलांडून यजमानांच्या बास्केटखाली गेली.

सदतीस वर्षांत तिनं नवऱ्याविरुद्ध कधी मत दिलं नव्हतं. एकशे बेचाळीस तोंडं उघडी राहिली. वेर्लिननं तिच्याकडे बघितलं आणि मान वळवून तो समोरच्या भिंतीवरचा स्कोअरबोर्ड वाचायला लागला, जरी त्यावर काहीच नव्हतं. कर्टचा चेहरा मात्र आठ वर्षांच्या पोरासारखा उजळला. ते बघून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं खाली बघितलं.

ब्याऐंशी विरुद्ध साठ. ठराव मंजूर. जेवणाची सुट्टी.

*

हॅम घातलेले छोटे पाव, बटाट्याचं सॅलड, कॉफी. लोर्नानं आईला कॉफीच्या मोठ्या भांड्यामागे गाठलं.

"मॉम, हे काय केलंस तू? डॅडना सगळ्यांदेखत?"

"मत दिलं."

"खारकीवची ओक्साना मला संध्याकाळी विचारेल, तुमच्या सभेत काय झालं. तिला काय सांगू? माझ्या आईनं तुमच्या विरुद्ध मत दिलं?"

"सांग, आई अजून घरी आलेली नाही. दिवस संपायचाय."

"कोड्यात बोलू नकोस माझ्याशी. मी काही तुझ्या रविवारच्या शाळेतली नाही, माझा स्वतःचा वर्ग आहे," लोर्ना म्हणाली आणि पाव न घेताच गेली.

तेवढ्यात कर्ट आला. त्यानं आईसाठी ताट वाढून आणलं होतं, लोणच्याचे दोन तुकडे जास्त घालून.

"मला वाटलं नव्हतं, मॉम."

"फार खूश होऊ नकोस."

"का?"

"असंच. बाप कुठे आहे तुझा?"

कर्टनं हनुवटीनं दाखवलं. वेर्लिन पायऱ्यांच्या टोकाशी एकटाच बसला होता, मांडीवर हॅट. पुस्तक पाठ असलेला तो माणूस. एरवी अर्ध्या मिनिटात बायकोचा डाव ओळखला असता त्यानं. पण मन दुखावलं की पाठांतर कामाला येत नाही. आर्डिथला वाटलं, जाऊन कानात सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर तो 'नको' म्हणेल. ती जागची हलली नाही, आणि ते तिला फार जड गेलं.

"तुझं खरं होतं का, बेप्पे?" वरून उतरून आलेली केलिन तिच्याशेजारी टेकत म्हणाली. "मत?"

"अर्धं खरं होतं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते तुझ्या पाकेकडे आहे."

केलिन हसली. मग पावाचा एक घास घेऊन, उगाच बोलल्यासारखं म्हणाली, "दोघंही माझ्यावरूनच भांडतायत, पण मला कुणी विचारत नाही. मी स्वतः सही करून भरती झालेय. जाईन. तक्रार नाही माझी. फक्त एक सांगू? मला पाठवायचं कुणी ठरवलं, ते शोधत होते मी. ऑर्डरवर एक सही आहे. त्याला कुणीतरी सांगितलं, त्याला आणखी कुणीतरी. आमच्या तुकडीतल्या पोरांनी एका रात्री बसून साखळी लावायचा प्रयत्न केला. वर कुठेतरी जाऊन ती धुक्यात गेली. लॉकरची चावी हरवली तरी माझ्याकडून तीन सह्या घेतात, बेप्पे."

आर्डिथनं ताट खाली ठेवलं.

"काय झालं?"

"काही नाही. माझं पेन कुठे गेलं?"

*

दोन वाजता ड्वाइट तेरावा ठराव पुकारणार, तोच आर्डिथ उठली.

"अध्यक्षमहाराज, बाराव्या ठरावाच्या मतदानाचा फेरविचार व्हावा अशी मी सूचना मांडते. मी जिंकलेल्या बाजूनं मत दिलं होतं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. वेर्लिनची मान मात्र सावकाश वर आली. कितव्या पानावर हा नियम आहे हे त्याला आठवत असणार, कारण त्याचे ओठ हलले.

"हा डाव आहे!" मागून एक तरुण ओरडला. "म्हातारीनं डाव टाकलाय!"

"डाव नाही, नियम आहे," ड्वाइट म्हणाला. "आणि त्या म्हातारीनं तुझ्या बापाला रविवारच्या शाळेत शिकवलंय, तेव्हा टोपी काढून बोल. अनुमोदन आहे का कुणाचं?"

लोर्ना उठणार होती, पण तिच्या आधी जोलीन उठली. सकाळभर कुठल्याच बास्केटखाली न गेलेली जोलीन.

"माझं आहे," ती म्हणाली. "पोरगी माझी जातेय. मला ऐकायचंय मॉम काय म्हणतात ते."

"मॉम," कर्ट जागेवरूनच म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, "तू माझ्या बाजूला हे करायला आली होतीस?"

"माझ्याकडे बघून बोला," ड्वाइट पुटपुटला, पण हातोडा त्यानं आपटला नाही.

"हो," आर्डिथ म्हणाली. "आणि आले ते खरंही होतं. लेनीसाठी आले. पण तुझ्या बापाला तिथे सोडून आले, ते मला पटलेलं नाही, म्हणून हे." ती सभेकडे वळली. तिनं टेबलाची कड धरली. "मी सदतीस वर्षं ही वही लिहितेय. फ्लॉइड नदीवरच्या पुलाला पैसे द्यावेत की नाही, यावर आपण ब्याण्णव साली भांडलो. कोण हो म्हणालं, कोण नाही, नावानिशी आहे यात. माझा नवरा हो म्हणाला होता. सांडपाण्याच्या नळासाठी आहे. या जिमच्या छपरासाठी आहे. माझ्या नातीला समुद्रापलीकडे पाठवायला हो कोण म्हणालं, ते कुणी मला कुठल्या वहीत दाखवेल का?"

लेनीची आई रडत होती, आवाज न करता.

"राज्यघटना आपण सगळे छातीशी धरून फिरतो," आर्डिथ म्हणाली. "त्यात स्वच्छ लिहिलंय, युद्ध जाहीर करायचं काम संसदेचं. गेल्या ऐंशी वर्षांत आपण किती वेळा लढलो, आणि युद्ध म्हणून जाहीर किती वेळा केलं? मला कर्टच्या ठरावाच्या जागी हे घालायचंय." तिनं जेवणाच्या नॅपकिनवर लिहिलेलं वाचलं. "'आपली पोरं लढायला पाठवण्याआधी संसदेनं उभं राहून, नाव घेऊन, युद्ध जाहीर करण्यासाठी मत द्यावं. मित्राला शस्त्र किंवा पैसा द्यायचा तर तेही वेगळ्या मतानं द्यावं, दुसऱ्या कायद्याच्या पोटात लपवून नाही. जो हो म्हणेल त्याचं नाव राहावं, आणि जो नाही म्हणेल त्याचंही.' एवढंच आहे."

वेर्लिन उठला. माइकपर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "मित्राच्या पाठीशी उभं राहायलाच हवं. पण उभं राहायचं तर उजेडात. मत मोजलं तर लोक मदतीला हो म्हणतील, माझा विश्वास आहे लोकांवर."

"माझंही बदललेलं नाही," कर्ट दुसऱ्या माइकवरून म्हणाला. "मत मोजलं तर एकसुद्धा धजणार नाही. नाव राहतंय म्हटल्यावर पळतील सगळे. म्हणून मला हे चालेल."

"म्हणजे दोघंही एकाच ठरावाला हो म्हणताय, आणि दोघांनाही वाटतंय दुसरा हरला," ड्वाइट म्हणाला. "पंचवीस वर्षांत इतकं चांगलं वासरू विकलं नाही मी."

लोक हसले, आणि या वेळी आर्डिथही. फेरविचार मंजूर झाला, बदल मंजूर झाला, मग पुन्हा सगळे उठले. एकशे एकोणतीस माणसं यजमानांच्या बास्केटखाली मावेनात. वेर्लिन आणि कर्ट एका बाजूला होते, पण मध्ये किमान चाळीस माणसं ठेवून. आर्डिथनं वहीत आकडा लिहिला.

पार्किंगमध्ये वारा अजून तसाच होता. आर्डिथ आणि केलिन गाडीपाशी पोचल्या, तर दोन पिकअपच्या मध्ये बापलेक उभे. दोघांच्या हॅट हातात, आवाज टिपेला.

"तैवान गेलं तर कॉम्प्युटरच्या चिप्स कुठून आणणार आहेस? तुझ्या ट्रॅक्टरात काय बटाट्याच्या चिप्स घालणार?"

"इथे बनवा! तेच तर सांगतोय! आणि युरोपवाल्यांनी स्वतःच्या खिशात हात घालायला काय हरकत आहे? पन्नास वर्षं आपल्या जिवावर सुट्ट्या भोगल्या त्यांनी!"

"ते मी तुझ्या आधीपासून म्हणतोय!"

"मग ओरडताय कशाला?"

"तुला ऐकू येत नाही म्हणून!"

मग कर्टच्या खांद्यांना हिसका बसला आणि आर्डिथच्या लक्षात आलं की तो हसतोय.

"बेप्पे, भांडतायत ते," केलिन म्हणाली.

"हो गं," आर्डिथ म्हणाली. "भांडू देत."

सात आठवड्यांत पहिल्यांदाच. तिला वाटलं, इथेच गारठ्यात बसकण मारावी आणि संध्याकाळपर्यंत ऐकत राहावं.

"उद्या बाराला," वेर्लिन हॅट घालत म्हणाला. मुलाकडे न बघता, पण त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन. "मटण आठ पौंडांचं आहे. तुझ्या आईनं मला न विचारता काढलंय. आज बरंच काही तिनं मला न विचारता केलंय."

*

रविवारी टेबलाला मधली फळी लावावी लागली. मटण, कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही, गाजरं, जोलीननं आणलेला लाल जेलीचा वाडगा. लोर्ना आपल्या कुटुंबासह आली. ती आईशी अजून थोडी तुटकच होती, पण भांडी पुसायला उभी राहिली. केलिन मध्यावर बसली, एका बाजूला आई, एका बाजूला आजी.

जेवणाआधीची प्रार्थना या घरात वेर्लिननंच करायची. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे लांबून सुरुवात केली. अन्नाबद्दल आभार. मार्चमधल्या बर्फानं जमिनीला दिलेल्या ओलाव्याबद्दल आभार. देशाच्या नेत्यांना सुबुद्धी.

"आणि हे प्रभो, जी छोटी राष्ट्रं आज बलाढ्य शेजाऱ्यांपुढे एकटी उभी आहेत, त्यांच्या मित्रांना धैर्य दे..."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कर्ट खोकला.

"...आणि त्या मित्रांना शहाणपणही दे," वेर्लिननं डोळे न उघडता घातलं. लोर्नानं ओठ चावले. "आणि आज विशेष करून आम्ही तुझ्या हाती सोपवतो, आमच्या..."

तो थांबला. आर्डिथला वाटलं, शब्द शोधतोय. मग तिनं डोळे उघडून बघितलं. वेर्लिनच्या जोडलेल्या हातांची बोटं पांढरी पडली होती. चौपन्न वर्षांत तिनं या माणसाला प्रार्थनेत अडखळताना बघितलं नव्हतं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. नाव काही बाहेर येईना. टेबलाभोवती सगळे मान खाली घालून बसले होते. कुणाला काय करावं कळत नव्हतं, आणि त्या घरात कर्त्या माणसाची प्रार्थना आजवर कुणी तोडली नव्हती.

"केलिनला," कर्ट म्हणाला.

इराकातून आल्यापासून त्यानं चारचौघांत कधी प्रार्थना म्हटली नव्हती. जोलीननं त्याच्याकडे बघितलं आणि पटकन डोळे मिटले.

"आमच्या केलिनला तुझ्या हाती देतो," कर्ट सावकाश म्हणाला, एकेक शब्द जागेवर ठेवत. "तिला माझ्या डॅडसारखी परत आण. धडधाकट. आणि मला आणलंस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते. एकवीस वर्षं राहिलेत. ते आज मानतो. आमेन."

"आमेन," वेर्लिन म्हणाला. आवाज जेमतेम निघाला, पण निघाला. त्यानं खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, चष्मा सरळ केला आणि समोरचा बटाट्याचा वाडगा उचलला. स्वतःला वाढायच्या आधी त्यानं तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे धरला.

"घे," तो म्हणाला. "गार होतायत."